टँटी मेलवीनाचं न पडलेलं स्वप्न

सिप्रियन क्वाशीला पुरून नऊ वर्षं झाली होती, आणि त्याच्या थडग्याचा दगड नऊ वर्षं घरामागच्या हौदाशेजारी आडवा पडून होता. आता दगड पडून राहण्यात लेस्टेर गावात कुणाला काही वावगं वाटत नाही. माणूस पुरायला अर्धा दिवस पुरतो. पण दगड बसवायचा म्हणजे सगळं गोत गोळा व्हायला हवं, मेंढ्या हव्यात, मक्याचं पीठ हवं, ढोलवाले हवेत. आणि आमच्या कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिअकू बेटाचं गोत म्हणजे अर्धं ब्रुकलिनला, अर्धं लंडनला आणि उरलेलं सगळं इंग्लंडातल्याच हडर्सफील्डला. तेव्हा दगड थांबतो. काहींचे वीस वीस वर्षं थांबलेत. मात्र त्या दगडावर मासे साफ करणारी बाई गावात एकच होती, आणि ती म्हणजे मयताची बायको मेलवीना.

"अगं, त्याच्या नावावर खवले उडवतेस," शेजारची फिलोमेन कुंपणावरून म्हणायची. "पहिलं अक्षर तर दिसेनासंच झालंय."

"जन्मभर मासळीतच लोळला तो. त्याला काय नवल त्याचं?"

मेलवीनाला सगळे टँटी मेल म्हणायचे. टँटी म्हणजे मावशी. नात्याची असो-नसो, साठी ओलांडली आणि चार घरच्या मोठ्या पातेल्यांत हात घातला की आमच्याकडे बाई टँटी होते. मेलवीनाचा हात तर गावातल्या प्रत्येक पातेल्यात होता. मक्याच्या पिठाचा कूकू ढवळायला दोन बाप्ये लागतात, वल्ह्याएवढं लाकूड घेऊन. पण तो वाफाळत असताना लोणी लावलेल्या तुंब्यात घोळवून त्याचे चेंडू वळायचे, हे तिचं काम. एकसारखे, गुळगुळीत, दोनशे झाले तरी पहिला कुठला आणि शेवटचा कुठला ते कळू नये. तळहाताला चटका लागायचाच बंद झाला होता तिच्या. "जिभेलाही तसंच झालंय," असं फिलोमेन म्हणायची, पण ते हळू आवाजात.

एकोणिसाव्या वर्षी तिने सिप्रियनशी लग्न केलं, तेव्हा बेटावरच्या निदान तीन मुलींनी त्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून चर्च चुकवलं. दिसायला देखणा, स्वतःचं शिडाचं जहाज. कागदोपत्री तो उत्तरेच्या बेटांवरून कांदे आणायचा. कांद्यांखाली काय असायचं ते विचारायचं नसतं. नाताळात सगळ्या गावाने ते प्यायलेलं असायचं. वाटेत धाकट्या मार्टिनिक बेटावर त्याचं जहाज वारा भरपूर असतानाही थांबायचं. का थांबायचं ते मेलवीनाला ठाऊक होतं, आणि फिलोमेनला तिच्याही आधी. मेलवीनाने कधी आरडाओरडा केला नाही. नवरा परतला की ताट वाढायची, फक्त त्या दिवशी कूकूचे चेंडू जरा कडक असायचे.

तर तो गेला. आणि गेला तो गेलाच.

इथेच खरी गोम होती. आमच्याकडे मेलेलं माणूस असं गप्प राहत नाही. भूक लागली, राग आला, नातीचं लग्न ठरलं, की ते स्वप्नात येतं आणि काय हवं ते स्वच्छ सांगतं. काळा बोकड हवा, पांढरा मेंढा हवा, माझ्या नावाने ढोल वाजवा. सकाळी उठून ते घरच्यांना सांगायचं आणि मुकाट्याने करायचं. नाही केलं तर होडी गळते, सून रुसते, मक्याला कीड लागते. फिलोमेनचा नवरा दर महिन्याला यायचा आणि दर वेळी केक मागायचा. तो केक मेजावर मांडून ठेवला जायचा आणि दुसऱ्या दिवशी फिलोमेनच खायची, ते सोडा. पण यायचा तरी.

मेलवीनाच्या स्वप्नात सिप्रियन नऊ वर्षांत एकदाही आला नव्हता. तिने काय काय केलं! खिडकी उघडी टाकून झोपली. त्याची टोपी खुंटीवर ठेवली. झोपण्याआधी शंखातल्या कालवाचं जड कालवण खाऊन पाहिलं. स्वप्नं पडली, नाही असं नाही. एकदा तर शाळामास्तर आला, ज्याच्याशी तिचं कधी धड बोलणंही झालं नव्हतं. नवरा नाही. कुणी विचारलं, "सिप्रियन येतो का गं?" की ती म्हणायची, "येतो की अधूनमधून." मनात म्हणायची, तिकडे धाकट्या मार्टिनिकला जात असेल मेला.

आता तिच्या मुलाचं. डेंझिल एकुलता एक. बावीस वर्षांचा असताना एका शनिवारी बापाने त्याला जहाजावर ठेवलं आणि सांगितलं, वारा फिरणार आहे, नांगराकडे लक्ष ठेव. हिल्सबरोत, बेटावरच्या मोठ्या गावात, त्या संध्याकाळी नाच होता. तासाभराचं काम म्हणून डेंझिल गेला. नांगर घसरला, आणि तो परत आला तेव्हा बापाचं जहाज खडकावर आडवं झालं होतं, कांदे आणि कांद्यांखालचं सगळं लाटांवर नाचत होतं. सिप्रियन किनाऱ्यावर अर्ध्या गावासमोर म्हणाला, "माझ्या मयतालाही येऊ नकोस." त्याच वर्षी डेंझिल हडर्सफील्डला मामाकडे गेला. पाच वर्षांनी बाप मेला, तेव्हा तो आला नाही. लोक म्हणाले, बघा, पोटचा पोरगा आला नाही. तो बिचारा बापाचा शब्द पाळत होता, हे एकट्या मेलवीनाला माहीत होतं.

तो तिथे बस चालवायचा. दर रविवारी फोन करायचा. आई कशी आहेस, हौदात पाणी आहे का, गुडघा काय म्हणतो. दर ईस्टरच्या आधी ती म्हणायची, "दगड बसवायचाय रे." दर ईस्टरच्या आधी तो म्हणायचा, "पुढल्या वर्षी बघू." नवव्या वर्षीही तेच झालं. "यंदा नको आई, पुढल्या वर्षी," असं तो म्हणाला आणि मेलवीनाच्या तोंडून शब्द निसटले:

"काल रात्री तुझा बाप आला होता."

मग डेंझिलने विचारलं, "काय म्हणाला?"

चौदा वर्षांत त्याने तिला त्या आवाजात काही विचारलं नव्हतं. पाण्याबद्दल नाही, गुडघ्याबद्दल नाही. तिला वाटलं, आता काही बोलले नाही तर हा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही.

"भूक लागलीय म्हणाला. माझा दगड कोंबड्यांच्या घाणीत पडलाय म्हणाला." हे खरंच होतं, म्हणजे घाणीचं. "आणि..."

"आणि काय?"

"आणि म्हणाला, डेंझिलवर माझा राग नाही."

पलीकडे चाळीस गाठत आलेला बसचालक लहान मुलासारखा रडायला लागला. मेलवीनाने फोन कानापासून लांब धरला. तिला ते ऐकण्याचा हक्क नव्हता, एवढं तिला तेव्हाच कळलं.

बातमी हडर्सफील्डहून निघून दुपारच्या जेवणाआधी फिलोमेनकडे पोचली होती. तिचा भाचा तिथे डेंझिलच्या शेजारच्या गल्लीत राहतो. ती कुंपणावरून नाही, चांगली दारातून आली.

"मेल, मला सांगितलं नाहीस! काय घातलं होतं त्याने?"

"काय घालणार? खाकी पँट."

"टोपी?"

"नव्हती."

"समुद्राकडून आला की रस्त्याकडून?"

"समुद्राकडून."

"उंबरा ओलांडला?"

मेलवीना थबकली. उंबरा ओलांडला म्हटलं तर एक अर्थ, नाही म्हटलं तर दुसरा. कुठला कुठला ते घाईत आठवेना. "एक पाय आत, एक बाहेर," ती म्हणाली.

फिलोमेनने श्वास रोखला. "देवा! असं मी कधी ऐकलं नाही."

संध्याकाळपर्यंत एक पाय आत आणि एक पाय बाहेर हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं, पाय ओले होते. तिसऱ्या दिवशी कुणी मेलवीनालाच सांगितलं की सिप्रियनच्या हातात तुटलेला नांगर होता, आणि ती हो म्हणाली. चार दिवसांत तिचं स्वप्न एवढं फुगलं की ती ते रात्री अंथरुणावर पडून आठवायची, आणि पाच मिनिटं तिला खरंच पडल्यासारखं वाटायचं. मग वाटायचं नाही. मग ती कुशीवर वळायची.

डेंझिल पवित्र गुरुवारी बोटीने आला. केस मागे सरकलेले, पोट पुढे आलेलं, चाल मात्र बापाची. धक्क्यावर त्याने आईला उचललं तसं सगळं गाव हसलं, आणि तीही हसली. घरी येऊन तिने तळलेल्या भाकऱ्या आणि खारा मासा वाढला. दोन घास खाऊन तो म्हणाला, "आई, पुन्हा सांग."

"काय?"

"जसं म्हणाला तसं. त्याच्याच शब्दांत."

तिने सांगितलं. घसरायला नको म्हणून शब्दाला शब्द तेच ठेवले. सांगताना तिने पाहिलं, तिच्याबरोबर त्याचेही ओठ हलत होते. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बसच्या पाळीचा तक्ता होता, आणि मागे ते वाक्य लिहिलेलं होतं. फोन ठेवताक्षणी लिहून घेतलं होतं त्याने.

"तेव्हापासून मला झोप लागते," तो म्हणाला. "तुला माहीत नाही आई. चौदा वर्षं मला नांगर घसरल्याचा आवाज यायचा. बस चढावर थांबवली की यायचा. हल्ली येत नाही."

मेलवीना भांडी घासायला उठली. भांडी दोनच होती. ती बराच वेळ घासत राहिली.

शुक्रवार तिने चर्चमध्ये काढला, पण कबुलीच्या खोलीकडे गेली नाही. पाद्रीबाबा मोठ्या बेटाचे, जायफळाच्या बागांतले. त्यांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, स्वप्नांवर विश्वास ठेवणं हेच पाप, खोटं बोललीस हे बरंच झालं. त्याने काही हलकं होणार नव्हतं. तिचा गुन्हा पाद्रीबाबांच्या देवाशी नव्हताच. मेलेल्या माणसाच्या तोंडात तिने आपले शब्द घातले होते, आणि ते शब्द जिवंत माणूस खिशात घेऊन फिरत होता.

खरं सांगावं, तर पोराची झोप जाणार. न सांगावं, तर सिप्रियनसमोर, त्याच्याच दगडापाशी उभं राहून खोटं जेवण वाढायचं. शनिवारी मेंढ्या पकडायला माणसं गेली तेव्हा ती हेच घोळवत बसली होती. मक्याची कापणी झाली की आमच्याकडे जनावरं मोकळी सोडतात, पेरणीपर्यंत कुणाची मेंढी कुणाच्या अंगणात ते देवाला ठाऊक. तीन तास धावाधाव करून माणसांनी दोन मेंढ्या आणल्या, त्यातली एक फिलोमेनची निघाली.

"माझी असू दे," फिलोमेन उदारपणे म्हणाली. "एवढं मोठं स्वप्न. माझाही हातभार." आणि मेलवीनाला वाटलं, त्या मेंढीच्या जागी आपण असतो तर बरं.

सोमवारी दगड बसला. आदल्या दिवशी मेलवीनाने तो स्वतः घासून काढला. खवले निघाले, पहिलं अक्षर परत दिसायला लागलं. रात्रभर दगड सिप्रियनच्या पलंगावर पांढऱ्या चादरीखाली झोपला, आणि ती खाली चटईवर. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास माणसांनी तो खांद्यावर घेतला. पुढे डेंझिल. कबरीपाशी पाणी शिंपडलं, मग जॅक आयर्न, आमची रम, जिच्यात बर्फ टाकला तर तरंगत नाही, तळाला बसतो. गवंड्याने सिमेंट कालवून ठेवलेलं. दगड बसला, सरळ झाला, सगळ्यांनी "हां" म्हटलं.

तेवढ्यात डेंझिल गवंड्याला म्हणाला, "खाली, त्या ओल्या सिमेंटात, मला एक ओळ लिहायचीय."

त्याने खिशातून कागद काढला. उकिडवा बसला आणि खिळ्याने, शाळेतल्यासारखी जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरलं. डेंझिलवर माझा राग नाही. खाली बापाचं नाव. बायकांनी डोळे पुसले. गवंड्याने त्यावर ओलं गोणपाट टाकलं. "सकाळपर्यंत असं पक्कं होईल की तुमची नातवंडं वाचतील," तो म्हणाला.

मेलवीनाच्या हातातून रमची बाटली पडली. फुटली नाही, मऊ मातीत पडली.

"टँटी मेलचं लक्षच नाही आज," कुणीतरी म्हणालं. "नवऱ्याचं प्रेम बघा."

मग जेवण. तीन दगडांच्या चुलींवर पातेली रटरटत होती, आणि तिने जन्मात पहिल्यांदा कूकूचे चेंडू असे वळले की एकाचं तोंड दुसऱ्याला मिळेना. एक लिंबाएवढा, एक फणसाएवढा. आतल्या खोलीत मेजावर मेलेल्यांचं ताट मांडलं होतं, बिनमिठाचं, शेजारी मेणबत्ती. तिने तिथे जाऊन ताट सारखं केलं, पण मेणबत्तीकडे बघितलं नाही.

दिवेलागणीला ढोल आले. ढोल म्हणजे रमच्या पिंपाला बकऱ्याचं कातडं, आणि त्यातला मधला वाजवायला ऑबिन लेंडोर. अंकल ऑबिनचं वय ऐंशीच्या पुढे, दात चार, आणि बेटावरच्या कुठल्या घराण्याची आफ्रिकेतली जात कुठली ते त्याला पाठ. "क्वाशी म्हणजे क्रोमँटी," तो म्हणाला, "म्हणून आधी त्यांचं." पहिलं गाणं नेहमी माफीचं असतं. घरातली माणसं रिंगणात गुडघे टेकतात, हात पसरतात, आणि पूर्वजांची माफी मागतात. कशाची, ते कुणी विचारत नाही. दर वेळी मागतात, जसं जेवणाआधी हात धुतात.

मेलवीना आणि डेंझिल रिंगणात आले. गुडघा दुखत होता, तरी ती टेकली. ढोल सुरू झाला. शेजारी डेंझिलने हात पसरले होते, डोळे मिटलेले, चेहरा असा शांत की तो बावीस वर्षांचा दिसत होता. आणि टेकडीवरच्या त्या गोणपाटाखाली सिमेंट क्षणाक्षणाला घट्ट होत होतं.

"थांबा," ती म्हणाली.

कुणाला ऐकू आलं नाही. ती ओरडली, "ऑबिन, थांबव!"

ढोल थांबला. माफीच्या गाण्यात ढोल थांबलेला कुणी पाहिला नव्हता.

"तो आला नव्हता," मेलवीना म्हणाली. ती डेंझिलकडे बघत नव्हती, मातीकडे बघत होती. "सिप्रियन माझ्या स्वप्नात आला नाही. त्या रात्री नाही, नऊ वर्षांत कधीच नाही. खाकी पँट मी घातली त्याला. पायही मीच ओले केले. राग नाही असं तो म्हणाला नाही. मी म्हणाले."

मग मागून फिलोमेनचा आवाज आला: "म्हणजे माझी मेंढी उगाचच मेली?"

कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला चापट मारली. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. खोट्या बोलावण्याचं जेवण खावं की नाही? अर्धे म्हणाले नाही. त्यातल्या निम्म्यांच्या हातात हाडं होती. एक म्हातारी म्हणाली, ताट मांडलंय, आता खरोखर आले असतील तर त्यांना काय सांगायचं?

अंकल ऑबिनने ढोलावर एक थाप मारली. "गप्प बसा. साठ वर्षं मी हे गाणं वाजवतोय. साठ वर्षं लोक इथे गुडघे टेकून माफी मागतात आणि विचारलं तर म्हणतात, मी काही केलं नाही. पहिल्यांदाच कुणी काहीतरी केलेलं घेऊन आलंय, आणि तुम्ही मेंढीची चौकशी करता?"

डेंझिल उठला होता. गुडघ्यांची माती झटकत होता, फार हळू, एक गुडघा, मग दुसरा.

"डेंझिल," ती म्हणाली.

"मग तो काय म्हणाला होता?" त्याने विचारलं. "मरताना. माझ्याबद्दल."

लबाडी करायला जागा होती. सिप्रियन तीन दिवस तापात बरळत होता. त्यातलं काहीही उचलून देता आलं असतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुझं नाव काढलं नाही. माझंही नाही. पाणी मागितलं."

त्याने मान हलवली आणि रिंगणातून बाहेर पडला. लोकांनी वाट दिली. तो टेकडीच्या रस्त्याला लागला. मेलवीना उठायला लागली, तसा ऑबिन म्हणाला, "तू कुठे? तुझं राहिलंय." आणि त्याने ढोल पुन्हा सुरू केला.

एकटी बाई रिंगणात गुडघ्यावर, सगळं गाव बघतंय, असं थोडा वेळ चाललं. मग तिच्या शेजारी धप्पकन कुणीतरी बसलं. फिलोमेन.

"सरक जरा," ती पुटपुटली. "माझा नवरा कधीच केक मागत नव्हता."

डेंझिल तासाभराने परतला. जेवला नाही. ढोल चालू होते, नाच चालू होता, त्याला कुणी रम दिली ती त्याने हातात धरून ठेवली. आईशी बोलला नाही.

पहाटे मेलवीना टेकडीवर गेली. गोणपाट बाजूला पडलं होतं. ओळ नव्हती. तळहाताने ती पुसून सपाट केली होती, आणि त्या सपाट जागेवर चार बोटांचे ओरखडे राहिले होते, खालपर्यंत. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. तिने बोट लावून पाहिलं. सिमेंट वाळलं होतं. ती तिथे उन्हं वर येईपर्यंत बसली. सिप्रियनला काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हणाली, "ताटात मीठ नव्हतं, ते तुला आवडलं नसेल." मग घरी आली.

पुढले चार दिवस घरात सभ्यपणा होता. इतका सभ्यपणा की भिंतींना कंटाळा यावा. "आई, पाणी हवंय का?" "नको, बाळा." "हौदाचं झाकण बसवलं." "बरं केलंस." रात्री पलीकडच्या खोलीत पलंग करकरायचा, तो झोपत नव्हता, हे तिला भिंतीतून कळायचं. तीही जागी राहायची. त्याची झोप आपण घेतली, तेव्हा आपण झोपणं बरं दिसत नाही, असं तिला वाटायचं. तो विचारेल, चिडेल, ओरडेल, याची तिने वाट पाहिली. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं, आणि हे कळत असल्यासारखा तो चिडला नाही.

शनिवारी त्याची बोट होती. हिल्सबरोच्या धक्क्यावर फिलोमेनही आली होती, आपल्याला गावात सुया-दोरा घ्यायचाय म्हणून. ती दहा पावलं मागे उभी राहिली, कान मात्र पुढे.

डेंझिलने पिशवी खाली ठेवली. "मला सरळ सांगायचं होतंस," तो म्हणाला. "ये म्हणायचं."

"नऊ वर्षं म्हणत होते."

"दगड बसवायचाय म्हणत होतीस. ये कधी म्हणाली नाहीस."

मेलवीनाने आठवून पाहिलं. नऊ ईस्टर, एकेक करून. तो खरं बोलत होता.

"म्हटलं असतं तर आला असतास?"

तो दोरखंडाकडे बघत राहिला. हो म्हणणं किती सोपं होतं. बोटीचा भोंगा वाजला होता, दोन मिनिटांचा प्रश्न होता. तो हो म्हणाला असता तर ती ते घेऊन घरी गेली असती आणि मरेपर्यंत पुरवून वापरलं असतं. तिने तोंड वर करून वाट पाहिली, पडेल ते झेलायला.

"नाही," डेंझिल म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

त्याने पिशवी उचलली. वाकला, तिच्या कपाळाला ओठ टेकवले, उचललं मात्र नाही. "रविवारी फोन करीन," तो म्हणाला. "आणि आई, काही झालं नसलं तर काही झालं नाही म्हणून सांग. हौदात पाणी नसलं तर नाही म्हण."

"हौदात पाणी कमी आहे," मेलवीना म्हणाली. "गुडघा फार दुखतो."

तो बोटीवर चढला. बोट वळेपर्यंत मागच्या कठड्याशी उभा होता, हात न हलवता. तीही तेवढा वेळ उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये फिलोमेन तिला खेटून बसली. सुया-दोरा घ्यायचा राहूनच गेला होता. "काय म्हणाला गं शेवटी?" तिने विचारलं. "भोंग्यामुळे नीट ऐकू आलं नाही."

"नाही म्हणाला."

"नाही? कशाला नाही?"

"मी विचारलं त्याला."

"काय विचारलंस?"

मेलवीना खिडकीबाहेर बघत राहिली. फिलोमेनने दोनदा कोपराने ढोसलं, तिसऱ्यांदा ढोसून पाहिलं, आणि मग लेस्टेर येईपर्यंत गाल फुगवून बसली.